ताप, खोकला, जुलाब आणि सीपी असलेलं मूल

जुलाब झालेल्या मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरायची, सोडायची आणि ती किती वेळात सपाट होते ते बघायचं. शरीरातलं पाणी किती घटलंय हे ओळखायची ही खूण आशाताईंपासून बालरोगतज्ज्ञांपर्यंत सगळे वापरतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, सहा वर्षांच्या पण ११ किलोच्या मुलावर मात्र ती फसते. त्याच्या कातडीखाली चरबीच नसते, त्यामुळे चिमटी एरवीही सावकाश सुटते. डोळे एरवीही खोल गेलेले दिसतात. तोंडाने श्वास घेत असेल तर जीभ रोजच कोरडी असते. लाळ गळत असेल तर पाणी घटूनही ओली दिसते. आणि तहान लागली हे सांगायला शब्द नसतात.

ताप, खोकला, जुलाब ही दुखणी या मुलांना इतरांसारखीच होतात, औषधंही बहुतेक तीच. फरक पडतो तो ओळखण्यात, मोजण्यात आणि तोंडातून काहीही आत पोचवण्यात.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे घरात आणि दवाखान्यात सगळे ज्याला ‘सीपी’ म्हणतात ती, वाढत्या मेंदूला झालेली इजा असते. कधी पोटात असताना, कधी जन्मावेळी श्वास कोंडल्याने, कधी वेळेआधी जन्मल्याने, कधी जन्मानंतरच्या तीव्र काविळीने किंवा मेंदूज्वराने. ही इजा पुढे वाढत नाही, पण तिचे परिणाम हातापायांपुरते थांबत नाहीत. जीभ, घसा, श्वासाचे स्नायू, आतडी यांच्या कामाचा ताळमेळही बिघडतो. बऱ्याच मुलांना झटकेही (फिट) येतात. तीव्र सीपी असलेल्या मुलांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो छातीच्या दुखण्यांचा.

आधी रोजचं पान लिहा

मूल बरं असताना एक पान भरून ठेवायचं आणि फ्रिजवर चिकटवायचं. आजारपणात तुलना करायची ती पुस्तकातल्या तक्त्याशी नाही, या पानाशी.

पानावर पहिलं येतं वजन. मूल उभं राहत नसेल तर आईने किंवा बाबांनी त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. काटा १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. दोनदा मोजा, मूल आळोखेपिळोखे देत असेल तर तीनदा. नंतर श्वास: गाढ झोपेत, पोट वर-खाली होताना पूर्ण ६० सेकंद मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याचा शॉर्टकट इथे चालत नाही, कारण या मुलांचा श्वास एका लयीत नसतो. सलग तीन रात्री मोजलं की खरा आकडा हाती लागतो. पल्स ऑक्सिमीटर असेल तर ऑक्सिजनची टक्केवारीही लिहा. बोट घट्ट मिटलेलं असेल तर पायाच्या अंगठ्याला लावा. गार किंवा हलत्या बोटावर यंत्र खोटं बोलतं.

मग दिवसातून किती वेळा शू, किती दिवसांनी शी आणि कशी, एका जेवणाला किती मिनिटं, आठवड्याला किती झटके आणि ते दिसतात कसे, अंग कधी कडक आणि कधी सैल असतं. छातीत रोजच खरखर असते का, तेही. शेवटी सर्व औषधं: नाव, बाटलीवरची ताकद, किती मिली, किती वाजता.

याचा उपयोग कसा होतो बघा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त झाला तर तो ‘जलद’, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. (दोन महिने ते एक वर्ष ५०, दोन महिन्यांच्या आत ६०.) चार वर्षांच्या एखाद्या मुलाचा झोपेतला श्वास रोज २६ असतो आणि आज तो ३८ आहे. तक्त्यात हे मूल बसत नाही. पण त्याचा श्वास जवळजवळ दीडपट झालाय, आणि पान नसतं तर हे कुणालाच कळलं नसतं.

दुसरा उपयोग दवाखान्यात. ‘सीपी आहे ना, मग असंच असणार,’ हे वाक्य बहुतेक पालकांनी ऐकलेलं असतं. गुंगी, कडकपणा, घुरघुर, न जेवणं, सगळं सीपीच्या खात्यावर टाकलं जातं आणि खाली दडलेला न्युमोनिया किंवा लघवीचा संसर्ग राहून जातो. ‘नेहमी असं असतं, आज असं आहे’ हे आकड्यांत सांगितलं की ऐकणाऱ्याला ते बाजूला सारता येत नाही.

ताप

थर्मामीटर काखेत लावा, तोंडात कधीच नाही. जबडा अचानक आवळला तर काच फुटते. हात कडक असेल तर कोपर वाकवून दंड अंगाशी धरा आणि टोक कातडीला टेकलंय ना, कपड्याला नाही ना, ते पाहा. काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप. त्याआधी पांघरूण काढून दहा मिनिटं थांबा, कारण हे मूल उकडलं म्हणून स्वतः गोधडी फेकून देत नाही. नुसत्या गुंडाळण्यानेही आकडा चढतो.

पॅरासिटामॉलचा हिशेब वजनावर: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. ११ किलोला १५ च्या हिशेबाने १६५ मिलीग्रॅम होतात. आता बाटल्या बघा. पाच मिलीत १२० मिलीग्रॅमचं सिरप असेल तर साधारण पावणेसात मिली, पाच मिलीत २५० चं असेल तर ३.३ मिली, आणि एका मिलीत १०० असलेले थेंब असतील तर जेमतेम १.६ मिली. तीन बाटल्या, तीन मापं, औषध एकच. घोटाळा इथेच होतो. थेंबांची बाटली संपली, सिरप आणलं आणि माप तेच ठेवलं की डोस चौथाई होतो. उलट केलं की चौपट.

वयावरून डोस देणं हा या मुलांसाठी आणखी वेगळा धोका आहे. सहा वर्षांचं मूल सर्वसाधारणपणे २० किलोच्या आसपास असतं असं धरून कुणी २५० च्या सिरपचे ६ मिली सांगितले, तर ११ किलोच्या मुलाला दर किलोला २७ मिलीग्रॅम जातात. असं दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस, वर उपाशी पोट आणि शेजारी व्हॅल्प्रोएटसारखं यकृतावर भार टाकणारं झटक्यांचं औषध, म्हणजे ताप उतरवता उतरवता यकृत दुखावायचं. घरातला चमचा वापरू नका. सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज दहा रुपयांच्या आसपास मिळते आणि माप चुकत नाही. अॅस्पिरिन लहान मुलांना नकोच. निमेसुलाइड या ताप-दुखीच्या औषधावर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून भारतात बंदी आहे. घरात जुनी पट्टी पडली असेल तर टाकून द्या.

अंग पुसायचंच तर कोमट पाण्याने. बर्फाच्या पाण्याने हुडहुडी भरते आणि ताठर स्नायू आणखी आवळतात. मुळात तापात या मुलांचं अंग कडक होतंच, तसंच ते दुखण्याने, कोंडलेल्या शीने आणि लघवीच्या जळजळीनेही होतं. म्हणून ताप नसतानाही अंग अचानक नेहमीपेक्षा कडक झालं तर ‘कुठेतरी दुखतंय’ असं समजून शोधायला लागा. कान, दात, हिरड्या, पोट, शू करताना रडणं, बुटाच्या किंवा स्प्लिंटच्या (हातपाय सरळ ठेवणाऱ्या आधारपट्टीच्या) आतला फोड. न बोलणाऱ्या मुलांचं दुखणं मोजायला परिचारिका पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं. या मापाचा सुधारलेला प्रकार खास अशा मुलांसाठी आहे. त्यात आई-वडिलांनी सांगितलेली मुलाची स्वतःची खूण जोडता येते. कुणी दुखलं की हसतं, कुणी अगदी गप्प होतं, कुणी एकाच बाजूला मान वळवतं. ती खूण रोजच्या पानावर लिहा.

अंगाचा ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन चालू असेल तर उलट्यांमुळे किंवा ‘आता आजारी आहे, बाकीची औषधं नकोत’ म्हणून ते एकदम बंद करू नका. अचानक तोडल्याने ताठरपणा उसळतो आणि झटकेही येऊ शकतात. झटक्यांच्या औषधांचं तर अधिकच. डोस दिल्यावर काही मिनिटांतच उलटी झाली तर परत द्यायचा की नाही, ते मूल बरं असतानाच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. रात्री दोन वाजता त्याचा अंदाज बांधायची वेळ येऊ नये. आणि नवं औषध लिहून घेताना चालू औषधांचा कागद पुढे करा. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक्समुळे रक्तातलं कार्बामाझेपिन, म्हणजे झटक्यांचं एक औषध, वाढतं. मग मूल झिंगल्यासारखं वागतं आणि सगळ्यांना वाटतं की आजार वाढला.

तापात झटका आला तर घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याने काही होत नाही आणि वेळ जातो. पाच मिनिटांत थांबलं नाही तर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा, दर किलोला ०.२ मिलीग्रॅम. एका दाबाला ०.५ मिलीग्रॅमचा फवारा असेल तर ११ किलोला चार दाब, प्रत्येक नाकपुडीत दोन. १.२५ मिलीग्रॅमचेही फवारे बाजारात आहेत, म्हणून ‘चार दाब’ पाठ करू नका, बाटली बघून डॉक्टरांकडून दाबांची संख्या लिहून घ्या. बाटली नवी असेल तर आधी हवेत दोन-चार दाब मारून पंप भरून घ्यायचा असतो, हे विसरलं की पहिले दाब रिकामेच जातात. मग १०८.

खोकला, आणि त्यामागचं गिळणं

घास घशातून खाली जाताना एका क्षणात बऱ्याच गोष्टी घडतात. श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनळीवर झाकण पडतं, घास अन्ननळीत उतरतो, झाकण उघडतं, श्वास सुरू. सीपीत या क्रमाची वेळ चुकते. झाकण पडायच्या आधीच पाणी पोचतं. म्हणून पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचे, आणि पाणी हे त्यांतलं सर्वांत वाईट. मऊ, एकजीव, चमच्यावर ढीग राहील असं जाडसर अन्न हळू सरकतं आणि घशाला वेळ मिळतो. दोन पोतांचं मिश्रण आणखी अवघड जातं: पातळ वरणात भाताची शितं, दुधात पोहे. शितं तोंडात राहतात, पातळ भाग मागे पळतो.

घरोघरी बोंडल्याने दूध पाजायची सवय असते, आणि औषध घेत नसेल तर नाक दाबून, मान मागे करून ओतायची. सीपीच्या मुलासाठी यापेक्षा वाईट पद्धत शोधून सापडणार नाही. मान मागे गेली की श्वासनळी सरळ आणि उघडी होते, नाक दाबलं की मूल तोंडाने जोरात श्वास ओढतं, आणि ओतलेलं सगळं थेट छातीत. बोंडलं नको, आडवं झोपवून भरवणं नको, हसत किंवा रडत असताना घास नको.

बसवायचं ते असं. कंबर आणि गुडघे काटकोनात, पाय टेकलेले (खाली पाट ठेवा), पाठीला आधार, डोकं मधोमध आणि हनुवटी किंचित छातीकडे. ताठ होऊन मागे फेकणारं मूल मांड्या पोटाकडे नीट वाकवून घेतल्या की बऱ्याचदा सैल पडतं. भरवणाऱ्याने समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा खाली बसायचं. उभं राहून भरवलं की मूल वर बघतं, आणि वर बघणं म्हणजे मान मागे. चमचा उथळ आणि चिवट प्लॅस्टिकचा किंवा रबराचा; स्टीलवर दात आवळले तर तो निघत नाही. चमचा सरळ आत, जिभेच्या मधल्या भागावर हलका दाब, आणि सरळच बाहेर. वरच्या दातांवर खरवडून घास टाकला तर मान आपोआप मागे जाते. एक घास गिळल्याचं दिसलं, ऐकू आलं, की मगच दुसरा. जेवण तीस मिनिटांवर नेऊ नका. थकलेला घसा जास्त चुका करतो. जेवल्यावर अर्धा तास बसतंच ठेवायचं.

ठसका, डोळ्यांत पाणी, चेहऱ्याचा रंग बदलणं, जेवल्यावर आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा येणं, ही सगळी घास वाट चुकल्याची लक्षणं. पण ठसका नाही म्हणून निर्धास्त राहू नये. काही मुलांच्या घशाची जाणीवच इतकी मंद असते की अन्न छातीत जातं आणि खोकला येत नाही. वारंवार छाती भरणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन न वाढणं, एवढंच बाहेर दिसतं. वर्षात दोन-तीनदा न्युमोनिया झाला असेल तर गिळण्याची तपासणी आणि स्पीच थेरपिस्टची भेट मागून घ्या. स्पीच थेरपी फक्त बोलण्यासाठी असते हा समज खोडायलाच हवा.

सर्दी झाली की हे सगळं दुप्पट बिघडतं. नाक बंद, तोंडाने श्वास, आणि गिळताना तर श्वास थांबवायचाच असतो, मूल दमतं. भरवण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइन ड्रॉप्सचे, दोन-तीन थेंब टाकून नाक साफ करा. दिवसाची तीन जेवणं मोडून सहा करा, प्रत्येक अर्धं. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देऊ नका. अचानक हात-पाय उडणाऱ्या मुलाजवळ उकळतं पाणी ठेवणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण.

खोकल्याचं सिरप? इथे आमचं मत स्पष्ट आहे: नको. खोकला ही या मुलाकडची शेवटची राखण आहे, आणि ही औषधं खोकला दाबतात, गुंगी आणतात किंवा कफ चिकट करतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखाली वापरू नयेत, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं. भेसळयुक्त सिरपमुळे मध्य प्रदेशात मुलं दगावल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत, असं पुन्हा बजावलं. कफ सुटायला कूस बदलत राहणं, दिवसा शक्य तितकं उभं-बसतं धरणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलं असेल तर ओंजळीसारख्या पोकळ हाताने पाठ थोपटणं उपयोगी पडतं. थोपटायचं ते जेवणाआधी, नाहीतर जेवणानंतर दीड-दोन तासांनी. डोकं खाली करून नाही. या मुलांना पोटातलं वर येण्याचा त्रास बहुधा असतोच.

छातीची खरखर ऐकून घाबरू नका आणि ती थांबली म्हणून सुटकाही मानू नका. बघायचं पोटाकडे आणि बरगड्यांकडे. पोट उडतंय, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलताहेत, ऑक्सिजन नेहमीपेक्षा खाली येऊन ९४ च्या आत गेलाय, म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर. ९० च्या खाली, ओठ निळसर, किंवा हाक मारूनही नजर न देणं, म्हणजे थेट रुग्णालय.

जुलाब: चमचे मोजून बघा

आधी हे जुलाबच आहेत का ते ठरवा. या मुलांत बद्धकोष्ठ इतकं सर्रास असतं की कोंडलेल्या घट्ट शीच्या कडेने पातळ पाणी झिरपतं आणि डायपर दिवसातून आठ वेळा खराब होतो. चार-पाच दिवस नीट शी झालेली नाही, प्रत्येक वेळी थोडीशीच पुसट पातळ शी, ताप नाही, डाव्या बाजूला ओटीपोटात हाताला गोळे लागतात, असं असेल तर हे कोंडणं आहे. यावर जुलाब थांबवायचं औषध दिलं तर आणखी कोंडतं. (ते औषध लहान मुलांना खऱ्या जुलाबातही देत नाहीत.)

खरे जुलाब असतील तर ओआरएस. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं. छोटं पाकीट २०० मिलीसाठी असतं. किती पाण्यात, ते पाकिटावर लिहिलेलं असतं, दरवेळी वाचा. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर मीठ-साखर इतकी होते की आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं. अर्धं पाकीट अंदाजाने टाकलं तर मिठाचं माप जातं. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात असलं की एकमेकांच्या आधाराने आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि पाण्याला सोबत नेतात. सारी करामत त्या प्रमाणाची आहे. म्हणूनच ओआरएससारखं दिसणारं, फळांच्या चवीचं गोड पेय चालत नाही. त्यात साखर कितीतरी जास्त असते. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

आता हिशेब. पाणी घटलेलं नाही, नुसते जुलाब आहेत, तर प्रत्येक पातळ शीमागे दर किलोला साधारण १० मिली. ११ किलोला ११० मिली, म्हणजे ५ मिलीचे २२ चमचे. जमतं. पण पाणी घटायला लागलं असेल तर दर किलोला ७५ मिली, चार तासांत. ११ किलोला ८२५ मिली, म्हणजे १६५ चमचे. चार तासांत २४० मिनिटं असतात. दर दीड मिनिटाला एक चमचा, न थांबता. नीट गिळणाऱ्या मुलालाही हे कठीण जातं. सीपीचं मूल एक चमचा सुरक्षितपणे गिळायला तीन-चार मिनिटं घेत असेल तर चार तासांत त्याच्या पोटात ३०० ते ४०० मिली जातील, गरजेच्या निम्मे. घाई केली तर उरलेले छातीत. म्हणून या मुलांच्या बाबतीत ‘घरी पाजून बघू, नाही जमलं तर उद्या जाऊ’ हा नियम बदलावा लागतो. पाणी घटल्याची शंका आली की रुग्णालयात जायचं. तिथे नाकातून नळी घालून हेच ओआरएस सावकाश सोडता येतं किंवा सलाइन लावता येतं. मुलाचा चमच्यांचा वेग किती, तो रोजच्या पानावर असू द्या, म्हणजे हा निर्णय पहिल्या दोन तासांत होतो.

घरी देताना गालाच्या आतल्या बाजूला, सिरिंजने दोन-तीन मिली, गिळलं की पुढचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. थेरपिस्टने पाणी घट्ट करून द्यायला सांगितलं असेल तर ओआरएस कशाने आणि किती घट्ट करायचं ते आधीच विचारून घ्या. मीठ घातलेली तांदळाची पेज मुळातच दाट असते, तीही जोडीला चालते; पण ओआरएसच्या जागी नाही.

पाणी घटलंय का, हे चिमटीने कळत नसेल तर शूने कळतं. कोरडा डायपर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, ओला झाल्यावर पुन्हा तोला; एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. पातळ शी त्यात मिसळली तर मात्र हा हिशेब लागत नाही. लघवी दर किलोला तासाला एक मिलीच्या आसपास व्हायला हवी, ११ किलोला सहा तासांत ६०-७० मिली. सहा-आठ तास डायपर कोरडा असेल तर वाट पाहू नका. वजनाचंही तसंच: ११ किलोचं मूल एका दिवसात साडेदहावर आलं तर ते पाणीच गेलंय.

झिंक विसरलं जातं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते, चव धातूसारखी लागते, म्हणून मळमळ थांबल्यावर द्या. जेवण थांबवू नका. मऊ भात घोटून, मुगाची दाट खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं. पोट जरा सावरलं की प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तेल किंवा तूप: ५ मिली तेलात साधारण ४० कॅलरी असतात आणि घास वाढवावे लागत नाहीत.

नळीने अन्न चालू असलेल्या मुलांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. नळी पोटातच आहे का हे सिरिंजने हवा मारून पोटावर आवाज ऐकून ठरवू नका. नळी छातीत असली तरी तसा आवाज येऊ शकतो. थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदावर) टाका, ५.५ किंवा कमी असेल तरच अन्न सोडा, तेही दट्ट्या न ढकलता, उंची देऊन, डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवून.

सीपीखेरीज

डोक्यात पाणी झाल्याने शंट (ते पाणी काढून देणारी नळी) बसवलेल्या मुलाला उलट्या, गुंगी आणि डोकेदुखी किंवा ताप आला तर पोट बिघडलं म्हणून घरी थांबू नका. शंट बंद पडल्याची किंवा त्यात संसर्ग झाल्याची लक्षणं हुबेहूब तशीच असतात. शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे फोन आधी, ओआरएस नंतर.

डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात. सर्दीमागोमाग कान भरतो आणि ऐकू कमी येतं. हट्टीपणा म्हणून ते सोडून दिलं जातं. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून घसा बघताना, नाकात थेंब टाकताना मान जोरात मागे वाकवायची नाही. साधारण निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, तेव्हा छाती भरली तर लवकर दाखवा.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलात शरीर धडधाकट असतं, अडतं ते चवीवर आणि बदलावर. ओआरएस नेहमीच्याच पेल्यात, नेहमीच्याच जागी, आवडत असेल तर थंडगार. चव बदलायची तर पेला बदलू नका. मूल अचानक कानावर मारून घेऊ लागलं, डोकं आपटू लागलं तर वागणुकीचा तक्ता काढण्याआधी कान, दात आणि पोट तपासून घ्या.

आजाराआधी आणि आजारानंतर

सीपी आहे म्हणून लस नको, असं अजूनही सांगितलं जातं. ते चूक आहे. झटके आटोक्यात असलेल्या मुलाला सगळ्या लसी देता येतात. न्युमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत आहे, फ्लूची दरवर्षी विकत घ्यावी लागते, आणि या मुलांना तिची गरज इतरांपेक्षा जास्त. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओ, स्पीच थेरपिस्ट वगैरे एका छताखाली भेटू शकतात. सीपी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण मिळतं, ओपीडीचा काही खर्चही त्यात येतो.

ताप उतरल्यावर लगेच पूर्ण व्यायाम सुरू करू नका, पण आठवडाभर स्प्लिंटही बाजूला टाकून ठेवू नका. स्नायू आखडायला तेवढा वेळ पुरतो. पहिल्या दिवशी एक तास, मग वाढवत. आजारात मूल वाळलेलं असतं, त्यामुळे स्प्लिंट नव्या ठिकाणी टोचतं: काढल्यावर उमटलेला लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो बनवणाऱ्याकडे परत न्या. अंथरुणात पडून असताना दर दोन तासांनी कूस बदलली नसेल तर माकडहाड, टाचा आणि कानामागची कातडी बघा. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करा. एखाद-दीड किलो उतरलं असेल तर झटक्यांच्या औषधाचा आणि पॅरासिटामॉलचा हिशेब डॉक्टरांकडून नव्या वजनावर करून घ्या, आणि फ्रिजवरचं जुनं पान काढून तारीख घालून नवं लावा.